नेम कोणाचा चांगला? लक्ष्याला विचारा!

जुलै महिन्याची ११ तारीख. मंगोलियाची राजधानी उलानबातर. ‘नादम’ नावाच्या राष्ट्रीय उत्सवाला आज सुरुवात झाली आहे. कुस्ती, घोड्यांच्या शर्यती आणि धनुर्विद्या हे या उत्सवातले तीन मानाचे खेळ. एका लांबरुंद मैदानावर रंगीत अंगरखे घातलेले धनुर्धर ओळीने उभे आहेत. प्रत्येकाच्या हातात उलट्या बाकाचे आखूड धनुष्य आहे. समोर ७५ मीटरवर जमिनीलगत काहीतरी बुटके, आडवे असे दिसते. ते लक्ष्य.

आता नीट पाहा. त्या लक्ष्याच्या अगदी शेजारी, दोन्ही बाजूंना माणसे उभी आहेत! बाण सुटतो, कमानीसारखा वर जातो, खाली येतो आणि ‘ठक्’ असा आवाज होतो. लगेच ती माणसे दोन्ही हात आकाशाकडे उंचावतात आणि लांब सूर लावून ‘ऊहाइ’ असा घोष करतात. हे या स्पर्धेचे पंच. बाण लागला, ही बातमी त्यांनी गाऊनच सांगितली.

तुम्ही वर्तमानपत्रात किंवा दूरदर्शनवर ऑलिंपिकमधील तिरंदाजी पाहिली असेल. तेथे गोल लक्ष्य असते, त्यावर रंगीत वर्तुळे असतात आणि मध्यभागी पिवळा ठिपका असतो. मग मंगोलियातल्या या लक्ष्यावर वर्तुळे कोठे आहेत? मध्यबिंदू कोठे आहे? तेथे ते नाहीतच. कोरियात गेलात तर आणखी तिसऱ्याच तऱ्हेचे लक्ष्य दिसेल. ती एक भलीमोठी फळी आहे आणि तीही मागे कललेली.

बाण सर्वत्र एकाच नियमाने उडतो. गुरुत्वाकर्षण उलानबातरमध्ये वेगळे आणि सोलमध्ये वेगळे असे नसते. मग लक्ष्ये इतकी निरनिराळी का? आणि त्यामुळे जिंकणारा बदलतो का? आज आपण हेच पाहणार आहोत. थोडे गणित करावे लागेल. वही आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा.

एक कूळ, अनेक घराणी

प्रथम धनुष्याची ओळख करून घेऊ. युरोपातील डॅन्यूब नदीपासून थेट कोरियाच्या द्वीपकल्पापर्यंत गवताळ मैदानांचा एक प्रचंड पट्टा पसरला आहे. या पट्ट्यात घोड्यावर बसून लढणाऱ्या अनेक टोळ्या होऊन गेल्या. पश्चिमेकडे गेलेल्या बल्गार लोकांनी इ. स. ६८१ च्या सुमारास डॅन्यूबच्या काठी आपले राज्य स्थापले. आजच्या बल्गेरिया देशाचे नाव त्यांच्यावरूनच पडले. पूर्वेकडे मंगोल आणि कोरियन लोक राहिले. भाषा वेगळ्या, देव वेगळे. पण धनुष्याची घडण मात्र एकाच कुळातली. तिला ‘संयुक्त धनुष्य’ म्हणतात.

साध्या धनुष्यात एकच लाकडी काठी वाकवलेली असते. संयुक्त धनुष्यात तीन थर असतात. मध्ये लाकूड किंवा बांबू. धनुर्धराकडे येणाऱ्या आतल्या बाजूला शिंगाची पट्टी. बाहेरच्या बाजूला जनावरांच्या स्नायुबंधांचे तंतू. हे सारे सरसाने चिकटवलेले. असे का? धनुष्य वाकले की त्याची आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची बाजू ताणली जाते. शिंग दाब चांगला सोसते, तर स्नायुबंध ताण चांगला सोसतात. ज्या पदार्थाला जे काम जमते तेच त्याच्यावर सोपवले आहे! म्हणून हे धनुष्य आखूड असूनही खूप ओढता येते आणि घोड्यावरून वापरता येते. धनुष्याची टोके आणि मूठ ताठ राहावीत म्हणून काही ठिकाणी हाडाच्या पट्ट्याही बसवीत. लाकूड, शिंग आणि तंतू मातीत कुजून जातात; हाड मात्र टिकते. जुन्या थडग्यांत सापडणाऱ्या अशा पट्ट्यांवरूनच संशोधक ‘येथे धनुष्य ठेवले होते’ हे ओळखतात.

धनुष्याच्या या कुळातील दोन घराण्यांच्या स्पर्धा आजही त्यांच्या जुन्या लक्ष्यांवर चालतात. एक मंगोलियाचे, दुसरे कोरियाचे. आपण दोघांचीही लक्ष्ये तपासू.

जमिनीवरचे लक्ष्य

मंगोलियातील लक्ष्याला ‘सुर’ म्हणतात. सुर म्हणजे चामड्याच्या पट्ट्यांनी विणलेला लहानसा पोकळ दंडगोल. त्याची उंची आणि व्यास साधारण ८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या चहाच्या पेल्याएवढा. असे अनेक सुर जमिनीवर एकाशेजारी एक आणि एकावर एक रचून त्यांची बुटकी, रुंद भिंत करतात. बाणाचे टोक अणकुचीदार नसते. ते बोथट असते. सुराला भोक पाडायचे नसते, त्याला धडक द्यायची असते. आपल्याकडची लगोरी आठवते ना? तसेच काहीसे. वैयक्तिक स्पर्धेत पुरुषांना ७५ मीटरवरून ४० बाण सोडायचे असतात. स्त्रिया त्यापेक्षा थोड्या कमी अंतरावरून बाण मारतात.

हे लक्ष्य अवघड की सोपे? एक साधी युक्ती करू. हात सरळ समोर धरा. डोळ्यापासून बोटापर्यंत सुमारे ६० सेंटिमीटर अंतर भरेल. ७५ मीटरवरचा ८ सेंटिमीटरचा सुर तुमच्या बोटाजवळ केवढा दिसेल? समरूप त्रिकोणांचे प्रमाण मांडा: ८ गुणिले ६०, भागिले ७५००. उत्तर येते ०.०६४ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडे जास्त. एकटा सुर म्हणजे पेन्सिलीच्या टोकाने काढलेला ठिपका! म्हणूनच सुर ओळीने मांडतात. बाण थोडा डावीउजवीकडे गेला तर शेजारचा सुर असतो. म्हणजे या लक्ष्याने आडव्या चुकीला माफी दिली.

उभ्या चुकीचे काय? भिंत बुटकी आहे. तेथे लक्ष्य कडक वाटते. पण एक गंमत आहे. बाणाचा वेग सेकंदाला ५० मीटर धरला, तर ७५ मीटरवर पोचण्यासाठी तो आडव्या रेषेशी सुमारे साडेआठ अंशांचा कोन करून सोडावा लागतो आणि साधारण तेवढ्याच तिरक्या कोनाने तो खाली येतो. इतक्या निमुळत्या कोनाने येणारा बाण जमिनीला किंचित आधी टेकला तरी तेथे रुतून बसत नाही. त्याचे टोक बोथट असते. तो गवतावरून घसरत पुढे जाऊन सुराला धडकू शकतो. उलट, बाण थोडा वरून गेला तर तो गेलाच! म्हणजे हे लक्ष्य बाणाला जणू सांगते, ‘थोडा कमी पडलास तरी चालेल, पण डोक्यावरून जाऊ नकोस.’

लक्ष्याचा आकार हाच एक नियम असतो, हे तुमच्या ध्यानात आले का? कोणत्या चुकीला दंड करायचा आणि कोणती चुक पोटात घालायची, हे लक्ष्य बनवणाऱ्याने आधीच ठरवून टाकलेले असते.

मागे कललेली फळी

आता कोरियात जाऊ. तेथील पारंपरिक धनुर्विद्येला ‘गुकगुंग’ किंवा ‘गुंगदो’ म्हणतात. २०२० साली कोरियाच्या शासनाने या धनुर्विद्येला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. सोल शहरात ‘ह्वांगहाकजोंग’ नावाचे एक धनुर्विद्या-मंडप आहे. सम्राट गोजोंग यांच्या आज्ञेने १८९९ साली ते राजवाड्याच्या आवारात बांधले गेले आणि १९२२ साली आजच्या जागी हलवले. तेथे आजही सराव चालतो. पहिला बाण सोडण्यापूर्वी धनुर्धर ‘मी धनुष्य शिकतो आहे’ अशा अर्थाचे शब्द म्हणतो आणि शेजारचे त्याला ‘पुष्कळ बाण लागोत’ अशी शुभेच्छा देतात. वीस वर्षे सराव केलेला माणूसही ‘शिकतो आहे’ असेच म्हणतो!

येथे अंतर आहे १४५ मीटर, म्हणजे मंगोलियातील अंतराच्या जवळजवळ दुप्पट. लक्ष्य म्हणजे २ मीटर रुंद आणि सुमारे २.६७ मीटर उंच अशी फळी. ती सरळ उभी नसते. १५ अंशांनी मागे कललेली असते. फळीवर एक लाल वर्तुळ रंगवलेले असते. पण त्यात बाण मारल्याबद्दल जास्त गुण नाहीत. फळीच्या कोपऱ्याला लागलेला बाण आणि लाल वर्तुळात लागलेला बाण यांची किंमत सारखीच: एक. लागला तर एक, चुकला तर शून्य. बोथट बाण फळीवर आपटतो आणि खाली पडतो.

पाच बाणांची एक फेरी असते. तिला ‘सुन’ म्हणतात. पाचही बाण लागले तर त्याला ‘मोल्गी’ म्हणतात. आयुष्यातली पहिली मोल्गी हा कोरियन धनुर्धराला मोठा मान वाटतो. श्रेणी वाढवण्याच्या परीक्षेत अशा नऊ फेऱ्या, म्हणजे ४५ बाण सोडावे लागतात.

आता तुम्ही म्हणाल, ‘दारापेक्षा मोठी फळी! त्यात काय अवघड आहे?’ मघाचीच युक्ती करा. हात लांब केल्यावर ही फळी तुमच्या बोटाजवळ ८ मिलिमीटर रुंद आणि ११ मिलिमीटर उंच दिसेल. म्हणजे करंगळीच्या नखाएवढी. आणि तुमच्या हातात ना दुर्बीण, ना नेम धरण्यासाठी लावलेली खूण.

फळी मागे कललेली का, याचे उत्तर बाणाच्या मार्गात आहे. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर प्रक्षेपित वस्तूचा पल्ला काढण्याचे एक सूत्र आहे. ते तुम्ही अकरावीत शिकाल:

पल्ला = वेग × वेग × साइन (दुप्पट कोन) ÷ गुरुत्वत्वरण

वेग सेकंदाला ५० मीटर आणि गुरुत्वत्वरण ९.८ घेतले, तर १४५ मीटरच्या पल्ल्यासाठी कोन येतो सुमारे १७ अंश. वेग ६० मीटर घेतला तर कोन येतो सुमारे १२ अंश. बाण ज्या कोनाने वर चढतो साधारण त्याच कोनाने खाली उतरतो. हवेच्या विरोधामुळे उतार किंचित जास्तच होतो. म्हणजे बाण १२ ते १७ अंशांच्या आसपास खाली झुकून येतो. आता फळी १५ अंशांनी मागे कलवा. काय झाले? बाण फळीला जवळजवळ काटकोनात धडकला! तिरका आपटून निसटणारा बाण आणि काटकोनात ‘धाड्’ असा वाजणारा बाण यांत फरक असतो. कलत्या फळीवर आवाज स्वच्छ येतो आणि बाण लागला की नाही याबद्दल वाद होत नाही.

त्या आवाजाचाही हिशेब करू. ५० मीटर वेगाचा बाण वाटेत सुमारे ११ मीटर उंच, म्हणजे तीन मजली इमारतीएवढा वर जातो. त्याला १४५ मीटर जायला ३ सेकंद लागतात. आवाजाला परत यायला आणखी ०.४ सेकंद. म्हणजे दोरी सोडल्यानंतर जवळजवळ साडेतीन सेकंद धनुर्धराला निकालाची वाट पाहावी लागते. तेवढ्या वेळात तो काहीच करू शकत नाही. जे करायचे ते दोरी सुटण्यापूर्वीच करायला हवे होते!

नऊ मिलिमीटरची चूक

आता एक प्रश्न. फळी रुंदीपेक्षा उंच आहे. तिच्या उंचीचा काय उपयोग होतो?

बाण आडव्या दिशेने चुकण्याचे मुख्य कारण एकच: हात डावीकडे किंवा उजवीकडे वळणे. १४५ मीटरवर १ मीटर बाजूला जायला केवळ ०.४ अंशाची चूक पुरे. उभ्या दिशेने मात्र बाण दोन कारणांनी चुकतो. हात वरखाली झाला तर चुकतोच. शिवाय बाणाचा वेग कमीजास्त झाला तरी चुकतो. समजा, बाण फळीच्या मध्यावर लागेल असा नेम तुम्ही बरोबर धरला. पण वेग १ टक्का कमी पडला. गणित केले तर बाण सुमारे ९० सेंटिमीटर खाली लागतो. वेग दीड टक्का कमी पडला तर तो जवळजवळ १४० सेंटिमीटर खाली येतो. फळीच्या मध्यापासून तळापर्यंतचे अंतर तर १३३ सेंटिमीटरच आहे. बाण जमिनीवर!

वेग दीड टक्का कमी कशाने पडतो? ताणलेल्या धनुष्यात स्थितिज ऊर्जा साठते. धनुष्य साध्या स्प्रिंगसारखे वागते असे धरले, तर ही ऊर्जा ओढीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. बाणाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वेग हा सरळ ओढीच्या प्रमाणात येतो. दोरी ६० सेंटिमीटर ओढायची असेल आणि तुम्ही ९ मिलिमीटर कमी ओढली, तर वेग दीड टक्का घटला. नऊ मिलिमीटर! एवढ्या चुकीने पावणेतीन मीटर उंचीची फळीसुद्धा हातची जाते.

आता कळले ना, कोरियन लक्ष्य कसली परीक्षा घेते? ते ‘मध्यबिंदू साध’ असे म्हणत नाही. ते म्हणते, ‘प्रत्येक वेळी तसेच कर. पहिल्या बाणाला जेवढी दोरी ओढलीस तेवढीच पंचेचाळिसाव्या बाणालाही ओढ.’ उभ्या दिशेला चुकीची कारणे दोन, म्हणून तेथे लक्ष्याने थोडी जास्त जागा दिली आहे.

रंगीत वर्तुळांचे गणित

आता आपल्या ओळखीच्या गोल लक्ष्याकडे वळू. ऑलिंपिकमध्ये ७० मीटरवर १२२ सेंटिमीटर व्यासाचे लक्ष्य असते. त्यावर सारख्या रुंदीची दहा कडी असतात. सर्वांत आतले कडे १० गुणांचे, सर्वांत बाहेरचे १ गुणाचे. दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त १२.२ सेंटिमीटर. हात लांब केल्यावर तो १ मिलिमीटरचा ठिपका दिसेल.

हे गुण असेच मनाला येतील तसे दिले आहेत का? इंग्लंडमधील जुन्या लक्ष्यावर पाच रंगांची पाच कडी असत आणि त्यांना आतून बाहेर ९, ७, ५, ३, १ असे गुण असत. त्या पाच कड्यांची क्षेत्रफळे काढून पाहा. वर्तुळांच्या त्रिज्या १, २, ३, ४, ५ घ्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या प्रमाणात असते: १, ४, ९, १६, २५. प्रत्येक कड्याचे क्षेत्रफळ म्हणजे लगतच्या दोन वर्गांतील फरक: १, ३, ५, ७, ९. गुणांच्या अगदी उलट क्रम! सर्वांत लहान जागेला सर्वांत जास्त गुण आणि सर्वांत मोठ्या जागेला सर्वांत कमी.

आजच्या दहा कड्यांच्या लक्ष्यात क्षेत्रफळे १, ३, ५ अशी वाढत १९ पर्यंत जातात. त्यांची बेरीज १००. म्हणजे दहा गुणांची जागा संपूर्ण लक्ष्याच्या अवघा एक शतांश आहे. समजा, एखाद्याने डोळे मिटून बाण मारले आणि ते सर्व लक्ष्यावर सारखे विखुरले. त्याला सरासरी किती गुण मिळतील? प्रत्येक कड्याचे क्षेत्रफळ आणि गुण यांचा गुणाकार करा, दहाही गुणाकारांची बेरीज करा आणि १०० ने भागा. उत्तर येते ३.८५. करून पाहा. बेरीज ३८५ येते, आणि १ पासून १० पर्यंतच्या संख्यांच्या वर्गांची बेरीजही ३८५ च असते. हा केवळ योगायोग आहे का? तुमच्या गणिताच्या शिक्षकांबरोबर यावर चर्चा करा.

वर्तुळांच्या लक्ष्याचा एक मोठा गुण आहे. प्रत्येक बाण आपण मध्यापासून किती दूर पडलो हे सांगतो. कोरियन फळी किंवा मंगोल सुर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतात. एका ‘हो’वरून थोडेच कळते, म्हणून तेथे ४०-४५ बाण मारावे लागतात. परीक्षेत नुसते ‘चूक की बरोबर’ असे प्रश्न असले तर ते पुष्कळ विचारावे लागतात, तसेच हे.

क जिंकला की ख?

आता खरी गोष्ट ऐका. समजा ‘क’ आणि ‘ख’ असे दोन धनुर्धर आहेत. दोघांनी पाच-पाच बाण सोडले.

क: ७, ७, ७, ७, ७
ख: १०, १०, १०, १०, ०

वर्तुळाच्या नियमाने क ला ३५ आणि ख ला ४० गुण. ख जिंकला. आता तेच बाण ‘लागला किंवा चुकला’ या नियमाने मोजा. क चे पाच लागले, ख चे चार. क जिंकला! बाण तेच, हात तेच. निकाल मात्र उलटा.

एकाच लक्ष्यावरही असे होऊ शकते. ऑलिंपिकच्या वैयक्तिक सामन्यांत २०१२ पासून सर्व बाणांची बेरीज करत नाहीत. तीन बाणांचा एक डाव. डाव जिंकणाऱ्याला २ गुण, बरोबरी झाली तर दोघांना एकेक. आधी ६ गुण मिळवील तो विजयी. समजा, तीन डावांत क ने ३०, २६, २६ आणि ख ने २०, २७, २७ गुण मिळवले. बेरीज केली तर क चे ८२, ख चे ७४. क पुष्कळ पुढे! पण डावांच्या हिशेबाने ख ४ विरुद्ध २ असा पुढे आहे. बेरजेचा नियम एका घसरगुंडीला जबर शिक्षा करतो. डावांचा नियम म्हणतो, ‘झाले ते झाले, पुन्हा उभा राहा.’

हे नुसते कागदी हिशेब नाहीत. कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात अजूनही बेरीज करतात. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात नागपूरच्या ओजस देवतळे याने १५ बाणांत १५० पैकी १५० गुण मिळवले. प्रतिस्पर्ध्याचे झाले १४९. एकाच बाणाने, एकाच गुणाने जगज्जेता ठरला. त्या दिवशी एक बाण जरी नवाच्या कड्यात गेला असता, तर बरोबरी झाली असती. आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोरियाचा किम वू-जिन आणि अमेरिकेचा ब्रॅडी एलिसन यांचा अंतिम सामना ५-५ असा बरोबरीत सुटला. मग दोघांनी एकेक बाण मारला. दोन्ही बाण दहाच्या कड्यात! तेव्हा पंचांनी मध्यापासूनचे अंतर मोजले. किमचा बाण ५५.८ मिलिमीटरवर, एलिसनचा ६०.७ मिलिमीटरवर. ४.९ मिलिमीटरच्या फरकाने सुवर्णपदक ठरले. कोरियाच्या पारंपरिक फळीवर हे दोन्ही बाण अगदी सारखे ठरले असते आणि दोघांनाही एकेक गुण मिळाला असता.

मग कोणता नियम खरा? हा प्रश्नच चुकीचा आहे. मीटरपट्टीने वजन मोजता येत नाही, म्हणून मीटरपट्टी खोटी ठरत नाही. प्रत्येक लक्ष्य हे मोजण्याचे एक साधन आहे आणि ते एका विशिष्ट गोष्टीचे मोजमाप करते. कोणी अचूकता मोजते, कोणी सातत्य, तर कोणी अपयशानंतर सावरण्याची ताकद. मात्र नियम स्पर्धेच्या आधी ठरलेला हवा आणि तो सर्वांना ठाऊक हवा. बाण सुटल्यावर नियम बदलणे म्हणजे बाण लागला तेथे जाऊन भोवती वर्तुळ काढणे!

तुम्हीच करून पाहा

खरे धनुष्यबाण घेऊ नका. ते जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीशिवाय धोक्याचे आहेत. त्याऐवजी एक टेनिसचा चेंडू, खडू, मोजपट्टी आणि पाण्याची बादली घ्या.

शाळेच्या मैदानाकडील एखाद्या मोकळ्या भिंतीवर खडूने एक बिंदू काढा. त्याच्याभोवती १०, २०, ३०, ४० आणि ५० सेंटिमीटर त्रिज्येची पाच वर्तुळे काढा. त्याच बिंदूभोवती ६० सेंटिमीटर रुंद आणि ८० सेंटिमीटर उंच असा एक आयतही काढा. हे कोरियन फळीचेच प्रमाण आहे. आता आठ मीटरवरून ओला चेंडू फेका. भिंतीवर ओला डाग उमटेल. तो वाळण्यापूर्वी मित्राने त्यावर खडूने क्रमांक लिहावा. प्रत्येकाने पंधरा फेकी कराव्यात.

त्यानंतर त्याच पंधरा डागांचे तीन हिशेब करा. पहिला: वर्तुळांना ९, ७, ५, ३, १ गुण देऊन बेरीज. दुसरा: आयतात पडलेल्या डागांची नुसती संख्या. तिसरा: दोघादोघांची जोडी लावून, तीन-तीन फेकींचे पाच डाव. प्रत्येक नियमाने वर्गाचा क्रम लावा. तिन्ही याद्यांत पहिला येणारा एकच आहे का?

आणखी एक गोष्ट पाहा. तुमचे डाग उभे जास्त विखुरले की आडवे? पुष्कळ जणांचे उभे जास्त विखुरलेले आढळले तर त्याचे कारण काय असेल? वर वाचलेले नऊ मिलिमीटर आठवा.

शिक्षकांनी एक करावे. तिन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात आणि वर्गाला विचारावे, ‘आपल्या शाळेचा एकच प्रतिनिधी पाठवायचा आहे. कोणाला पाठवू या?’ मुले आधी नावे सांगतील, मग वाद घालतील. वाद घालता घालता एखादा विद्यार्थी विचारील, ‘पण सर, तेथे लक्ष्य कोणते आहे?’ त्याला शाबासकी द्या. बाकीचे चेंडूकडे पाहत होते. त्याने मोजपट्टीकडे पाहिले.